कडाक्याच्या थंडीत टिकणारी तुरेदार गवतं: निवड, लागवड आणि निगा

तुरेदार गवत म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पंपासच उभं राहतं. माणसाहून उंच ठोंब आणि त्यावर पांढरेशुभ्र, झुबकेदार तुरे. मग हौसेने रोप आणलं जातं, उन्हाळाभर ते जोमात वाढतं आणि कडक हिवाळा उलटला की ठोंबाच्या जागी काळपट, कुजका गड्डा उरतो. त्यावरून ‘एवढ्या थंडीत ही गवतं जगतच नाहीत’ असं ठरवून लोक नाद सोडतात. खरं तर पारा उणे ३० च्या खाली जातो अशा प्रदेशांतही वर्षानुवर्षं तुरे डोलवणारी गवतं आहेत. फक्त ती पंपास नव्हेत.

निवड करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हे गवत हिवाळ्यात तगेल का, हा पहिला. तगलंच, तर थंडी पडायच्या आत त्याचा तुरा बाहेर पडेल का, हा दुसरा. रोपाबरोबरच्या चिठ्ठीवर पहिल्याचं उत्तर असतं, दुसऱ्याचं बहुधा नसतं. त्यामुळे दरवर्षी हिरवंगार फुटणारं पण तुऱ्याचं नाव न घेणारं गवत कित्येक बागांत दिसतं. हे टाळायचं असेल तर रोप आणण्याआधी थोडा हिशेब करावा लागतो.

आधी आपली थंडी ओळखा

रोपांच्या थंडी सोसण्याच्या ताकदीसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने आखलेले पट्टे जगभर वापरले जातात. एखाद्या ठिकाणी वर्षातलं सर्वांत कमी तापमान सरासरी किती असतं, त्यावर हे पट्टे ठरतात. पट्टा ३ म्हणजे उणे ४० ते उणे ३४ अंश सेल्सिअस, पट्टा ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९, पट्टा ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३, पट्टा ६ म्हणजे उणे २३ ते उणे १८ आणि पट्टा ७ म्हणजे उणे १८ ते उणे १२. आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त. तुम्ही कुठेही राहत असा, गेल्या काही वर्षांतलं नीचांकी तापमान पाहिलं की आपला पट्टा साधारण कळतो.

पण एवढ्यावर भागत नाही. हिवाळा कोरडा असतो की ओला, हेही पाहायचं. माझ्या मते गवतं थंडीने मरतात त्याहून जास्त थंड चिखलाने मरतात. मुळांशी पाणी साचलं, ते गोठलं, वितळलं, पुन्हा गोठलं की ठोंबाचा गाभा कुजतो. उलट जाड बर्फाची दुलई असेल तर तिच्याखाली जमीन हवेपेक्षा बरीच उबदार राहते आणि पट्ट्याच्या हिशेबात न बसणारं गवतही तरून जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे वाढीचा हंगाम. वसंतातलं शेवटचं दहिवर आणि शरदातलं पहिलं दहिवर यांच्यामध्ये किती दिवस मिळतात ते मोजा. तुऱ्याचा प्रश्न इथे सुटतो.

लवकर जागी होणारी आणि उशिरा जागी होणारी

शोभेच्या गवतांचे वाढीच्या सवयीवरून दोन गट पडतात. एक गट थंड हवेत वाढणारा. बर्फ वितळतो न वितळतो तोच ही गवतं फुटतात, वसंतात झपाट्याने वाढतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच तुरा काढून मोकळी होतात. कॅलामाग्रॉस्टिसच्या ‘कार्ल फर्स्टर’सारख्या जाती आणि डेशॅम्पसिया ही या गटातली. हंगाम कितीही तोकडा असो, यांचा तुरा चुकत नाही.

दुसरा गट ऊब आवडणारा. यात मिस्कँथस, पॅनिकम, पेनिसेटम, लिटल ब्लूस्टेम ही मंडळी येतात. माती चांगली तापेपर्यंत ही ढिम्म असतात. शेजारची सगळी झाडं हिरवी झाली तरी यांच्या ठोंबात हालचाल दिसत नाही आणि नवखा माणूस ‘मेलं’ म्हणून उपटायला निघतो. थांबा. एकदा ऊन तापलं की ती भराभर वर येतात, पण तुरा उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात. हंगाम छोटा असेल तर याच गटात फसगत होते.

लागवड कधी करायची, छाटायचं कधी, ठोंब कधी फोडायचा हे सगळं या गटावर ठरतं. म्हणून रोप घेताना नावाच्या खालोखाल विचारायची गोष्ट हीच.

कोणतं गवत घ्यावं

पहिलंच गवत लावत असाल आणि एकच नाव हवं असेल तर ‘कार्ल फर्स्टर’ घ्या. हा कॅलामाग्रॉस्टिसच्या दोन जातींचा संकर. जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या बोर्निम इथे राहणारे रोपवाटिकाकार आणि लेखक कार्ल फर्स्टर (१८७४–१९७०) यांचं नाव त्याला मिळालं आहे. अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने २००१ सालचं ‘वर्षाचं रोप’ म्हणून हेच निवडलं होतं. पट्टा ४ पर्यंत निर्धास्त चालतं. उंची तुऱ्यासकट दीड ते पावणेदोन मीटर, पण जमिनीवर जागा जेमतेम पाऊण मीटर घेतं. तुरा फुलतो तेव्हा जांभळट गुलाबी आणि पिसासारखा मोकळा असतो. दोन-तीन आठवड्यांत तो मिटून बारीक होतो, गव्हाळ रंगाचा होतो आणि ताठ काडीवर थेट हिवाळ्यापर्यंत उभा राहतो. बी धरत नाही, त्यामुळे बागभर रोपं उगवण्याची कटकट नाही. पानांवर पांढऱ्या रेघा हव्या असतील तर ‘ओव्हरडॅम’ किंवा ‘अ‍ॅव्हलांच’ आहेत. तक्रार एकच: झुबका हवा असणाऱ्याला हा तुरा जरा शिस्तीतला वाटेल.

याचाच कोरियन भाऊबंद कॅलामाग्रॉस्टिस ब्रॅकिट्रिका मात्र मऊ, फुगीर, गुलाबी छटेचे तुरे देतो आणि तेही उन्हाळ्याच्या अखेरीस. सकाळच्या दवात ते अक्षरशः मोत्यांनी मढतात. अर्धवट सावलीतही फुलणाऱ्या मोजक्या तुरेदार गवतांपैकी हे एक. याच्याकडे लोकांचं लक्ष फारसं जात नाही, जायला हवं.

आता मिस्कँथस. पंपासची हौस थंड प्रदेशात भागवायची तर खरा पर्याय हाच. मूळचं पूर्व आशियातलं, चीन-जपान-कोरियाकडचं. उसाचं जवळचं नातलग असल्याने बांधा बघितल्यावर ओळख पटते: तशीच लांब पाती, मधोमध पांढरी शीर, तशीच ताटं. बहुतेक जाती पट्टा ५ पर्यंत टिकतात. तुरा बाहेर पडतो तेव्हा तांबूस, ओलसर, चिकटलेल्या दोऱ्यांसारखा असतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, एवढंच? मग दाणे सुटू लागतात तसतसा एकेक धागा कुरळा होत उलगडतो आणि पंधरवड्यात त्याचा रुपेरी झुबका होतो. पाठीमागून उतरतं ऊन पडलं की या झुबक्याला तोड नाही.

पण जातीची निवड इथे जपून करायची. ‘ग्रॅसिलिमस’ ही जुनी, बारीक पात्यांची, फार देखणी जात. ती इतकी उशिरा फुलते की छोट्या हंगामाच्या ठिकाणी तुरा पोटातच राहतो. ‘मॉर्निंग लाइट’चंही तेच. उत्तर जर्मनीतल्या लेअर गावचे रोपवाटिकाकार अर्न्स्ट पागेल्स यांनी हीच अडचण ओळखून लवकर फुलणाऱ्या जातींची निवड केली. ‘मालेपार्टुस’ आणि ‘क्लाइने झिल्बरश्पिने’ या त्यांच्याच. या आणि ‘झिल्बरफेडर’ उन्हाळा सरता सरता तुऱ्यावर येतात. थंडी आणखी कडक, पट्टा ४ असेल तर ‘पर्प्युरासेन्स’ पाहा. तुरा लवकर येतो, शरदात पानं नारिंगी-लाल होतात, मात्र त्याला ओलावा लागतो. बुटकं हवं तर ‘अडाजिओ’ किंवा ‘याकू जिमा’.

एक सावधगिरी. मिस्कँथस सायनेन्सिस अमेरिकेच्या पूर्व भागात बागेबाहेर पसरून उपद्रवी ठरलं आहे. पंपासची तीच गत कॅलिफोर्नियात, न्यूझीलंडमध्ये आणि स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर. आपल्या भागात लावायला बंदी आहे का, हे रोप घेण्याआधी कृषी किंवा वन खात्याच्या यादीत बघून घ्या. हंगाम लांब असलेल्या ठिकाणी वांझ जाती निवडणं शहाणपणाचं. मिस्कँथसचा सॅकरिफ्लोरस हा प्रकार तर जमिनीखालून मुनवे सोडत फिरतो. मोठं माळरान नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

स्विचग्रास, म्हणजे पॅनिकम विर्गॅटम, हे उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवरचं. पट्टा ४ त्याला सहज झेपतो. याचा तुरा झुबकेदार नसतो. बारीक मण्यांचं धुकं ठोंबावर तरंगावं तसा तो दिसतो. ‘नॉर्थविंड’ ही विस्कॉन्सिनच्या रॉय डिब्लिक यांनी निवडलेली जात खांबासारखी सरळ उभी राहते. २०१४ सालचं ‘वर्षाचं रोप’ तीच होती. ‘हेवी मेटल’ निळसर, ‘शेनांडोआ’ शरदात लालबुंद. जड, ओलसर जमीन असेल तर मिस्कँथसपेक्षा मी याला पसंती देईन.

जमीन हलकी, मुरमाड, कोरडी असेल आणि थंडी पट्टा ३ ची असेल तर लिटल ब्लूस्टेम. गुडघ्या-कमरेएवढं, निळसर हिरवं, शरदात तांबडं. तुरे छोटे, केसाळ, पाठीमागून उजेड आला की चमकणारे. याला खत दिलं तर ते लोळतं, त्यामुळे लाड करू नयेत. त्याच माळांवरचं इंडियन ग्रास, म्हणजे सॉरघॅस्ट्रम न्यूटन्स, पट्टा ४ चं. त्याचा तुरा सोनेरी तपकिरी असतो आणि फुलताना त्यातून पिवळे परागकोश लोंबतात. ते जवळ जाऊनच पाहावं.

फाउंटन ग्रास, पेनिसेटम अलोपेक्युरॉइड्स, दिसायला बाजरीच्या बारक्या, मऊ कणसांचं कारंजं. बाजरीच्याच गोतावळ्यातलं ते. ‘हामेल्न’ ही बुटकी जात पट्टा ५ किंवा ६ पर्यंत चालते. बाजारात मात्र त्याच्या शेजारी जांभळ्या पानांचं पेनिसेटम हटकून मांडलेलं असतं. ते दिसायला सुंदर, पण दहिवराला अजिबात न टिकणारं, थंड प्रदेशात एका हंगामाचं पाहुणं. दोन्हींची नावं सारखी वाटतात, म्हणून चिठ्ठी नीट वाचा.

सावली आणि ओल असलेल्या कोपऱ्यासाठी डेशॅम्पसिया, पट्टा ४. मोलिनियाची ‘स्कायरेसर’ ही जात पाती कमरेखाली ठेवते आणि काड्या मात्र दोन मीटरच्या वर नेते. हिवाळ्यात त्या आपोआप बुडापासून सुटतात, छाटायचेही कष्ट नाहीत.

आणि ज्यांना पंपासच हवं त्यांच्यासाठी? पट्टा ८ मध्ये ते बिनघोर, ७ मध्ये निचरा उत्तम असेल तर. ‘प्युमिला’ ही बुटकी जात थोडी जास्त थंडी सोसते. त्याहून थंड ठिकाणी रॅव्हेना ग्रास हा पर्याय आहे. पट्टा ६ मध्ये ते खात्रीने टिकतं. उंची तीन मीटरच्या पुढे, तुरे रुपेरी जांभळट. पंपासइतके भरगच्च नसतात, पण लांबून तोच थाट. तेही काही भागांत ओढ्याकाठी पसरून डोकेदुखी झालं आहे, तेव्हा बंदीच्या यादीत त्याचंही नाव शोधा.

रोप घेताना

बियांपासून केलेली रोपं स्वस्त पडतात, पण नावाजलेली जात बियांतून तशीच्या तशी उतरत नाही. ठोंब फोडून केलेलं रोपच घ्या. पंपासच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्यात मादी झाडांचे तुरे रुंद आणि रेशमी असतात, बाकीचे किरकोळ. बियांच्या रोपात काय निघेल ते तुरा आल्यावरच कळतं.

कुंडीतून रोप हलकेच बाहेर काढून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं हवीत. तपकिरी, लिबलिबीत, आंबूस वासाची असतील तर परत ठेवा. वरची पाती किती लांब आहेत याला महत्त्व नाही, बुडाशी किती फुटवे आहेत ते मोजा.

जागा आणि माती

दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. त्याहून कमी असेल तर गवत जगतं, पण उजेडाकडे झुकतं, लोळतं आणि तुरे मोजकेच येतात. शक्य असेल तर अशी जागा निवडा की सकाळी किंवा संध्याकाळी ऊन गवताच्या मागून तुमच्याकडे येईल, आणि पाठीमागे गर्द हिरवी झाडी असेल. पांढऱ्या भिंतीपुढे रुपेरी तुरा दिसतच नाही.

घराच्या भिंतीला, लाकडी कुंपणाला किंवा शेकोटीच्या जागेला लागून उंच गवत लावू नका. हिवाळ्यात तो वाळलेला ठोंब म्हणजे पेटायला टपलेली गंजीच असते. पंपास आणि मिस्कँथसच्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या कापतात, म्हणून पायवाटेपासून आणि मुलं खेळतात त्या जागेपासूनही ती लांब बरी.

निचरा तपासायला फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत मुरलं नाही तर जमीन गवताला धोक्याची. अशा वेळी खड्ड्यातच वाळू घालून उपयोग होत नाही, उलट चिकण जमिनीत त्या खड्ड्याचं डबकं होतं. त्याऐवजी आजूबाजूची माती ओढून वीतभर उंच गादीवाफा करा आणि त्यावर लावा. हिवाळ्यात ठोंबाचा गाभा पाण्याच्या वर राहिला पाहिजे. मातीच्या आम्ल-विम्लतेची चिंता करायचं कारण नाही, ही गवतं त्याबाबत कुरकुर करत नाहीत.

दोन ठोंबांतलं अंतर किती? जातीची पूर्ण उंची जेवढी, साधारण तेवढंच अंतर ठेवा. पहिल्या वर्षी जागा ओकीबोकी वाटते, तिसऱ्या वर्षी बरोबर वाटते. ‘कार्ल फर्स्टर’सारखी सरळ वाढणारी गवतं याला अपवाद, ती पाऊण मीटरवर चालतात.

लागवड

ऊब आवडणारी गवतं वसंताच्या शेवटी, माती हाताला थंड लागेनाशी झाली की लावा. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत चालेल. शरदात लावलेलं मिस्कँथस किंवा पेनिसेटम मुळं धरायच्या आत गोठतं, आणि थंड प्रदेशातली बरीचशी मर याच घाईतून होते. थंड हवेतली गवतं वसंताच्या सुरुवातीला लावा किंवा जमीन गोठायला सहा ते आठ आठवडे शिल्लक असताना.

खड्डा कुंडीएवढाच खोल आणि दुप्पट रुंद घ्या. आदल्या दिवशी रोपाला भरपूर पाणी पाजा. मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळली असतील तर बोटांनी मोकळी करा, नाही सुटली तर धारदार सुरीने बाजूंना तीन-चार उभे छेद द्या. बेधडक द्या, गवताची मुळं चिवट असतात. रोप असं बसवा की त्याचा गाभा, म्हणजे मुळं आणि पाती जिथे भेटतात तो भाग, आजूबाजूच्या मातीच्या पातळीत किंवा बोटभर वर येईल. गाभा पुरला गेला की कूज ठरलेली. काढलेलीच माती परत भरा, हाताने दाबा, सावकाश पाणी द्या. खड्ड्यात शेणखताचा मारा नको. माती अगदीच निकस असेल तर वरून दोन मुठी कुजलेलं कंपोस्ट पुरे.

आच्छादन दोन-तीन इंच घाला, पण गाभ्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. तिथपर्यंत पालापाचोळा चढवला तर हिवाळ्यात उंदीर-घुशींना आयतं घर मिळतं.

कुंडीत लावणार असाल तर हिशेब बदलतो. कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून तुमच्या पट्ट्याहून दोन पट्टे जास्त थंडी सोसणारी जात घ्या. पट्टा ६ मध्ये राहत असाल तर कुंडीसाठी पट्टा ४ चं गवत.

पहिलं वर्ष

दुष्काळ सोसणारं गवत म्हणून ज्याची ख्याती, त्यालाही पहिल्या वर्षी पाणी लागतंच. आठवड्यातून एक-दोनदा, पण खोलवर भिजेल असं. रोज शिंपडल्याने मुळं वरच्या थरातच घुटमळतात. दुसऱ्या वर्षापासून फक्त लांबलेल्या कोरड्यात पाणी दिलं तरी भागतं. तणं मात्र हाताने काढा, कारण जंगली गवताचं रोप आणि तुमचं रोप कोवळेपणी एकसारखं दिसतं.

या वर्षी तुऱ्याची आशा धरू नका. काही येतात, पण खरा बहर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. घाई म्हणून युरिया टाकलात तर पाती लुसलुशीत वाढतील, ताटं मऊ पडतील आणि पहिल्या वादळी पावसात ठोंब मधोमध फाकून झोपेल.

हिवाळ्यात काय करायचं

फार काही नाही. शरदात छाटू नका, एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं. वाळलेली पाती गाभ्यावर छपरासारखी पडतात आणि पावसाचं-बर्फाचं पाणी बाहेर वळवतात. कापलेली पोकळ ताटं उलट नळ्यांसारखं पाणी आत घेतात. शिवाय दहिवराने मढलेले तुरे पाहायचे दिवस हेच असतात, पाखरांना बी आणि आडोसा मिळतो तो वेगळाच.

टोकाच्या पट्ट्यात लावलेल्या पंपाससारख्या नाजूक गवतासाठी जास्तीची काळजी घ्यावी लागते. जमीन गोठायला लागली की पाती वर गोळा करून सुतळीने सैल जुडी बांधा, बुडाभोवती फूटभर उंच कोरडा पाला किंवा पेंढा रचा, आणि वरून पाणी झिरपणार नाही पण हवा खेळेल असा आडोसा करा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत घाम धरून गाभा कुजतो.

नव्या रोपांकडे हिवाळ्यात अधूनमधून चक्कर मारा. जमीन गोठते-वितळते तेव्हा ती रोपं वर उचलली जातात आणि मुळं उघडी पडतात. दिसलं की तळव्याने दाबून बसवा आणि माती ओढा.

छाटणी

हिवाळा संपत आला की छाटणी. आधी थंड हवेतली गवतं, कारण ती आधी जागी होतात. ‘कार्ल फर्स्टर’च्या बुडाशी हिरवी टोकं दिसायला लागली की दिवस थोडेच उरले समजा. उशीर केला आणि कोवळ्या फुटव्यांची टोकं कापली गेली, तर हंगामभर ती बोथट दिसतात आणि थंड हवेतल्या गवतात तुऱ्याचंही नुकसान होतं.

लांब बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालूनच कामाला लागा. आधी ठोंबाला कमरेच्या उंचीवर सुतळीचे दोन-तीन घट्ट वेढे द्या. मग वेढ्याच्या खाली, जमिनीपासून चार ते सहा इंचांवर कापा. लहान ठोंबाला धारदार विळा किंवा कुंपणाची कातर चालते, मोठ्या मिस्कँथसला विजेवर चालणारी कातर लागते. बांधलेला ठोंब अखंड पेंढीसारखा हातात येतो, वाऱ्यावर काड्या उडत नाहीत. बांधल्याशिवाय कापून पाहिलेला माणूस पुढच्या वर्षी सुतळी विसरत नाही.

काहीजण पंपासचा ठोंब पेटवून देतात. गाभा भाजून निघण्याची भीती असते आणि आग हाताबाहेर जाऊ शकते, तेव्हा नकोच. डेशॅम्पसियासारखी हिवाळ्यातही थोडी हिरवी राहणारी गवतं बुडापासून भादरू नयेत. हातमोजे घालून बोटांनी विंचरा, मेलेली पाती आपसूक निघून येतात.

ठोंब फोडणं

चार-पाच वर्षांनी मिस्कँथसच्या ठोंबाचा मध्य पोकळ होतो आणि कडेने कंगोरा उरतो. मेलेल्या मध्यात अंगठा दाबून पाहिलात तर भुसा लागतो, कडेचा भाग मात्र टणक आणि डोळ्यांनी भरलेला. हाच फोडण्याचा इशारा.

ऊब आवडणारी गवतं वसंतात, नवे कोंभ दोन-तीन इंचांचे झाले की फोडा, शरदात कधीच नाही. थंड हवेतली गवतं वसंताच्या अगदी सुरुवातीला किंवा शरदाच्या सुरुवातीला. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे माती वाफशावर येईल. छोटा ठोंब फावड्याने उचलून दोन तुकडे होतात. जुना मिस्कँथस उचलायच्या फंदात पडू नका, पाठ धरेल. जागच्या जागीच कुऱ्हाड किंवा जुनी करवत घेऊन कडेचे त्रिकोणी तुकडे तोडा. प्रत्येक तुकड्याला चार-पाच जिवंत कोंभ आणि मूठभर मुळं असावीत. मधला मेलेला भाग फेकून द्या. तुकडे ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि त्याच दिवशी लावा. वाऱ्यावर मुळं सुकली की अर्धे तुकडे जातात.

तुरा येत नाही तेव्हा

आधी ऊन मोजा, मग खत आठवा. आजूबाजूच्या हिरवळीला टाकलेलं नत्रही गवताच्या मुळांपर्यंत पोचतं आणि ठोंब पानातच रमतो. या दोन्हींत काही सापडलं नाही तर ठोंब गेल्या वर्षी फोडला होता का, ते पाहा. तसं असेल तर एक हंगाम धीर धरा. हेही नसेल तर जातच उशिराची आहे. शरदात एखादं ताट मधोमध चिरून बघा, आत पानांच्या गुंडाळीत कोवळा तुरा दडलेला दिसला तर उपचार करण्यासारखं काही नाही, लवकर फुलणारी जात आणायची.

रोगराई कमी. स्विचग्रासवर दमट हवेत तांबेरा येतो, त्याला ठोंबात हवा खेळती ठेवणं आणि पाणी बुडाशी देणं एवढंच पुरतं. मिस्कँथसची ताटं खुजी राहिली, तुरे पिळवटले आणि पात्यांच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तो पानांच्या आवरणाआड दडतो, फवारणी तिथे पोचत नाही. तो ठोंब मुळासकट काढून नष्ट करावा आणि त्याचे तुकडे कुणाला देऊ नयेत.

तुरे घरात ठेवायचे असतील तर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा परिसरात पंपासची शेती चालायची ती केवळ तुऱ्यांसाठी. दिवाणखान्यात वाळलेले तुरे ठेवायची तेव्हा टूम होती. आज तीच टूम परत आली आहे.

कापणीची वेळ चुकली की घरभर कापूस उडतो. तुरा आवरणातून अर्धाअधिक बाहेर आला, अजून फुगलेला नाही, तेव्हाच कापा. कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर. काडी लांब ठेवा, पाती काढून टाका. सात-आठ तुऱ्यांची सैल जुडी करून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटी टांगा. दोन-तीन आठवड्यांत ती वाळते. ‘कार्ल फर्स्टर’चा तुरा फुललेल्या अवस्थेत कापला तर जांभळट छटा टिकते, मिटल्यावर कापला तर गव्हाळ. पंपास किंवा मिस्कँथसचा तुरा वाळल्यावर फुगला नाही तर तासभर उन्हात ठेवा आणि हळूच झटका. मग केसांवर मारायचा स्प्रे फूटभर अंतरावरून हलका फवारा, म्हणजे धागे गळत नाहीत. ओल येणाऱ्या खोलीत आणि दिव्याच्या किंवा चुलीच्या जवळ हे तुरे ठेवू नका.